आधी रूळ, मग इंजिन

वाढदिवसाला मिळालेला आगगाडीचा खोका उघडला, की हात पहिल्यांदा कशाकडे जातो? अर्थातच इंजिनाकडे. मग डबे बाहेर निघतात आणि सर्वांत शेवटी, खोक्याच्या तळाशी असलेले रुळांचे वाकडे तुकडे. ते एकमेकांत अडकवले की एक वर्तुळ तयार होते, गाडी त्यावर गरगर फिरते आणि सारे घर टाळ्या वाजवते. दुसऱ्या दिवशी शेजारची मुले पाहायला येतात. आठव्या दिवशी गाडी दर फेरीला एकाच जागी रुळावरून घसरू लागते आणि महिन्याभरात खोका माळ्यावर जातो. असा एखादा खोका पुष्कळ घरांच्या माळ्यावर सापडेल.

दोष कोणाचा? मुलाचा नाही आणि बहुधा इंजिनाचाही नाही. आपण सुरुवातच उलट्या टोकाकडून केली, हा दोष आहे. ज्यांनी खरे लोहमार्ग बांधले, त्यांनी आधी जमीन मोजली, चढ मोजले, वळणे आखली आणि मग त्या मार्गाला झेपेल असे इंजिन मागवले. घरातल्या आगगाडीलाही हाच क्रम लागू आहे. म्हणून ज्या विद्यार्थ्याला छोटी आगगाडी उभारायची आहे, त्याने पहिले पैसे रुळांवर खर्च करावेत. आणि ज्या शाळेला विज्ञान मंडळासाठी टिकाऊ प्रकल्प हवा आहे, तिने इंजिनाची चिंता न करता एक फळी आणि चार रूळ घेऊन काम सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आता पाहू.

गेजचा हिशेब

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तो मार्ग १६७६ मिलिमीटर गेजचा, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजचा होता. इंग्लंड, अमेरिका आणि युरोपातील बहुतेक देशांत मात्र १४३५ मिलिमीटरचे गेज रूढ झाले. छोट्या आगगाड्यांचे कारखाने प्रामुख्याने याच देशांत निघाल्यामुळे त्यांच्या रुळांची मापेही तिकडच्या गेजवरून ठरली.

सर्वांत लोकप्रिय असलेले ‘एचओ’ प्रमाण घ्या. यात खऱ्या वस्तूच्या एक सत्त्याऐंशीअंश आकाराची प्रतिकृती करतात. १४३५ ला ८७ ने भागा. उत्तर येते १६.५. म्हणून एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे असतात. आता आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर ८७ ने भागा. उत्तर येते सुमारे १९.३. म्हणजे भारतीय इंजिनाची या प्रमाणातली सुबक प्रतिकृती तुम्ही बाजारातल्या एचओ रुळांवर उभी केली, तर तिच्या पायाखालचा मार्ग हवा त्यापेक्षा १४ टक्क्यांनी अरुंद असतो. समोरून पाहिले की ते चटकन लक्षात येते.

याउलट गंमत पाहा. ‘एन’ या लहान प्रमाणाचे रूळ ९ मिलिमीटर गेजचे असतात. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली आणि १८९७ साली सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती. पुढे तिचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये झाले. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ येते, म्हणजे ९ ला अगदी खेटून, फरक तीन टक्क्यांहूनही कमी. तेव्हा एचओ प्रमाणात आणि एनच्या रुळांवर जुन्या बार्शी लाइटची गाडी उभी केली, तर ती ब्रॉडगेजच्या कोणत्याही मेलगाडीपेक्षा अधिक खरी दिसेल. तयार इंजिन मिळणार नाही, हे खरे. पण एन प्रमाणाच्या इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे मोठे अंग चढवता येते, आणि छंदिष्ट लोक तसे करतातही. एका भागाकारातून केवढी वाट सापडते!

चुकीच्या गेजशी तडजोड करावी लागली ती केवळ आपल्यालाच, असे मात्र नाही. इंग्लंडमधील इंजिने युरोपातील इंजिनांहून बारीक चणीची. एचओ प्रमाणात त्यांची प्रतिकृती केली, तर त्या काळच्या मोटारी आत मावेनात. म्हणून तिथल्या उत्पादकांनी इंजिनाचे अंग थोडे मोठे करून एक शहात्तरांश केले, पण रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. आजही तिथल्या ‘डबल ओ’ प्रमाणातील गाड्या खऱ्याच्या हिशेबाने सुमारे १८० मिलिमीटर अरुंद मार्गावर धावतात. एकदा ठरलेले आणि घरोघर पोहोचलेले गेज बदलणे किती कठीण असते, याचा हा छोटा नमुना. खऱ्या लोहमार्गांवर हाच धडा आपल्या देशाने फार मोठ्या खर्चाने गिरवला. जिथे दोन गेज भेटत, तिथे मालाची प्रत्येक गोण एका वाघिणीतून दुसरीत हमालांनी वाहावी लागे. गेज एक करण्याची मोठी मोहीम १९९२ साली हाती घ्यावी लागली, ती याचसाठी.

मग निवड कशी करावी? माझा कौल असा : शाळेसाठी एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत, कारण अनेक हातांनी हाताळायची वस्तू फार नाजूक असून चालत नाही. दोन खोल्यांच्या घरात एनचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत. पण एकदा ठरले की ठरले. गेज बदलले, की चाक आणि इंजिन दोन्ही बदलावे लागते.

वळण जेवढे मोठे तेवढे चांगले

खोक्यातले वर्तुळ इतके लहान का असते? जेवणाच्या टेबलावर मावावे म्हणून. तयार रुळांत ४५ सेंटिमीटरच्या आसपास त्रिज्येची वळणे सर्रास मिळतात. ४५ ला ८७ ने गुणा. खऱ्या जगात ते सुमारे ३९ मीटर त्रिज्येचे वळण झाले. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घेत नाहीत. हे १७५ मीटर एचओत आणले, तर दोन मीटर होतात. म्हणजे नुसते अर्धे वर्तुळ घालायलाच चार मीटर रुंदीची खोली हवी! आपल्या सामान्य खोलीची रुंदी तीन मीटर असते. तेव्हा लांब डब्यांची मेलगाडी टेबलावर फिरवायचा हट्ट धरला, की डबे वळणावर कोपरे बाहेर काढून चालतात, त्यांचे जोड एकमेकांना बाजूला ओढतात आणि चाके रूळ सोडतात.

चढाचेही तसेच. बोरघाटात ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर चढते. टेबलावर एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा, तर एचओत सुमारे ७ सेंटिमीटर उंची हवी. ३७ ला ७ ने गुणा. चढण २५९ सेंटिमीटर लांब झाली, आणि तेवढीच उतरण वेगळी. ज्याने हा गुणाकार आधी केला, तो पूल बांधून मग पस्तावत नाही.

या दोन हिशेबांवरून निराश मात्र होऊ नका. डोंगरातल्या नॅरोगेज गाड्या मुळातच आखूड डब्यांच्या आणि तीव्र वळणांच्या असतात. दार्जिलिंगच्या मार्गावरील ‘अ‍ॅगनी पॉइंट’चे वळण अवघ्या १८ मीटर त्रिज्येचे आहे. एचओ प्रमाणात ते २१ सेंटिमीटरहूनही लहान होते. नेरळहून माथेरानला जाणारी गाडी वीस मीटरला एक मीटर इतका चढ चढते. कमी जागेत खरेखुरे काही करायचे असेल, तर नक्कल अशा गाडीची करावी. जागेला साजेसा विषय निवडणे हा कमीपणा नव्हे. खरे अभियंतेही तेच करतात.

कोणते रूळ घ्यावेत?

बाजारात साधारणपणे तीन प्रकार मिळतात. पहिला, नुसत्या तुकड्यांचे रूळ; ठराविक लांबीचे आणि ठराविक त्रिज्येचे. दुसरा, खाली प्लॅस्टिकच्या खडीचा पाया जोडलेले तुकडे. ते खटकन बसतात आणि जमिनीवरही नीट राहतात. तिसरा, सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीचे लवचीक रूळ. हे हाताने हवे तसे वाकवायचे, करवतीने कापायचे आणि कानशीने टोके साफ करायची.

ज्याला रोज मांडून रोज आवरावे लागते, त्याने दुसरा प्रकार घ्यावा. मात्र एकाच कंपनीचा, कारण निरनिराळ्या कंपन्यांचे पाये एकमेकांत बसतीलच असे नाही. ज्याला एक फळी कायमची ठेवता येते, त्याने आणि प्रत्येक शाळेने तिसरा प्रकार घ्यावा. त्याचे कारण सांगतो. तुकड्यांच्या रुळांत वळणाची त्रिज्या कारखानदाराने ठरवलेली असते. लवचीक रुळांत ती तुम्हाला ठरवावी लागते. खिळा, दोरी आणि पेन्सिल घेऊन कागदावर कंस काढल्याशिवाय सुटका नसते. सरळ मार्ग एकदम वळणात शिरला की गाडीला हिसका बसतो, म्हणून मध्ये हळूहळू वाढणारी वक्रता द्यावी लागते, हेही लवचीक पट्टी वाकवतानाच हाताला कळते. शिवाय जोड कमी येतात, आणि बहुतेक घसरण जोडावरच होते.

धातूकडेही लक्ष द्या. पितळेचे रूळ स्वस्त असतात, पण ते लवकर काळवंडतात आणि तो थर विजेला अडवतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर दर आठवड्याला घासत बसावे लागते. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ उशिरा काळवंडतात. याच्या नावात चांदी असली, तरी अंगात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. पैसे थोडे अधिक पडले, तरी तेच घ्यावेत. लांबी कमी घ्या, पण धातू चांगला घ्या.

बोटाची परीक्षा

रूळ अंथरण्याची फळी सपाट हवी, आणि खालून चौकट मारलेली हवी. नुसते पातळ प्लायवूड एका पावसाळ्यात पोळीसारखे वाकते. त्यावर कॉर्कची पट्टी, पट्टीवर रूळ. दोन रुळांच्या जोडात बारीक फट ठेवा. एक मीटर लांबीचा निकेल सिल्व्हरचा रूळ २० अंश तापला, तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. खऱ्या मार्गावरचा १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ ३० अंश तापला, तर जवळजवळ पाच मिलिमीटर वाढतो. पुस्तकात वाचलेले प्रसरण इथे तुमच्या बोटाखाली घडते. फट ठेवली नाही, तर मे महिन्यात मार्ग सापासारखा नागमोडी होतो.

खडी पसरताना एक काळजी घ्या. आपल्याकडचा काळा पाषाण आणि कोकणच्या काही किनाऱ्यांवरची काळी वाळू यांत लोहयुक्त खनिजे असतात. त्यांची पूड इंजिनातल्या मोटारीच्या चुंबकाला चिकटते आणि दात्यांत जाऊन बसते. आधी पुडीवरून एक चुंबक फिरवून पाहा. उरेल ते वापरा.

आता परीक्षा. इंजिन लावू नका, वीजही लावू नका. एक मालडबा घ्या आणि बोटाने ढकलत साऱ्या मार्गावरून न्या. पुढे आणि मागे, प्रत्येक सांध्यावरून, पन्नास वेळा. एकदाही घसरला, तर ती जागा खडूने खुणा करून दुरुस्त करा. गाल फळीला टेकवून एका डोळ्याने रुळाच्या रेषेत पाहा. खऱ्या मार्गावर गँगचा मुकादमही असाच वाकून रूळ पाहतो. पन्नास फेऱ्यांत एकही घसरण नसलेला मार्ग ज्याने बांधला, त्याला इंजिन विकत घेण्याचा अधिकार प्राप्त झाला, असे मी म्हणेन.

याच डब्याने एक प्रयोगही होतो. मीटरभर सरळ मार्गाचे एक टोक पुस्तके ठेवून हळूहळू उचला. हलका धक्का दिल्यावर डबा वेग न वाढवता, न घटवता उतरत राहील, ती उंची मोजा. उंचीला लांबीने भागले की डब्याच्या वजनाचा कितवा भाग घर्षणावर खर्च होतो, ते मिळते. आस साफ करून आणि तेलाचा एक थेंब देऊन पुन्हा मोजा. काही पैशांच्या तेलाने उत्तर किती बदलते, ते स्वतःच पाहा.

वीज खोटे चालू देत नाही

साध्या मांडणीत दोन रूळ म्हणजे दोन तारा. त्यांतून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा दिष्ट प्रवाह देतात. दिशा उलटली की गाडी उलटी जाते. लांब मार्गावर गाडी दूर जाऊन मंदावते, तेव्हा मुले इंजिनाला दोष देतात. खरा दोष जोडपट्ट्यांच्या रोधाचा असतो. फळीखालून जाड तार नेऊन दर मीटरला रुळांना डाग दिला की गाडी सगळीकडे सारखी धावते. ओहमचा नियम याहून चांगला कुठे दिसणार?

एक कोडे सोडवा. मार्ग गोल वळवून गाडी आल्या वाटेने परत पाठवायची आहे. असे वेटोळे कागदावर काढा आणि डाव्या रुळावरून बोट फिरवत चला. परत येताना तुमचे बोट उजव्या रुळावर येऊन टेकेल! म्हणजे धन तार ऋण तारेला भेटली आणि प्रवाहाला आखूड वाट मिळाली. उपाय म्हणून वेटोळ्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून त्यांना वेगळी कळ द्यावी लागते. मूळ बोरघाट मार्गावर दिशा बदलण्यासाठी जे स्थानक होते, तिथे गाडी वळत नसे. इंजिन दुसऱ्या टोकाला लागून गाडी उलट्या दिशेने पुढे चढे. ती युक्ती टेबलावर केली, तर विजेचा हा पेच उद्भवतच नाही.

वर्तुळ नको, फळी हवी

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिला मार्ग वर्तुळाकार करू नका. वर्तुळात गाडी फिरते आणि आपण पाहतो. सहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर दोन सांधे आणि तीन फाटे टाका. अ‍ॅलन राइट या इंग्रज छंदिष्टाने लोकप्रिय केलेले शंटिंगचे कोडे एवढ्याच जागेत मावते. एका फाट्यावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि सांध्यांच्या अलीकडच्या तुकड्यावर इंजिनासह तीन. आठ निरनिराळे डबे घ्या. चिठ्ठ्या टाकून त्यांतले पाच काढा आणि निघाल्या त्याच क्रमाने ती पाच डब्यांची गाडी तयार करा. डबा हाताने उचलायचा नाही. असे किती क्रम संभवतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२०. रोज एक सोडवला, तरी अठरा वर्षे पुरतील. आणि इंजिन नसेल, तर हाच खेळ बोटाने ढकलूनही खेळता येतो.

शिक्षकांना दोन शब्द

‘हा तर खेळ, यात अभ्यास कुठला?’ असा आक्षेप येईल. वर भागाकार, वर्तुळ, प्रसरण, घर्षण, ओहमचा नियम आणि क्रमचय इतके येऊन गेले; ते मी मुद्दाम ओढून आणलेले नाही, रुळांनीच ते विचारले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी छोट्या आगगाडीचे मंडळ काढले. टेबलाखाली टेलिफोन केंद्रातले रिले जोडून सांधे चालवण्यात जी मुले रंगली, त्यांतलीच काही पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीत गणली गेली.

‘खर्च फार’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. परदेशी इंजिन घेणे पुष्कळ शाळांना परवडणार नाही. म्हणूनच म्हणतो, पहिल्या वर्षी इंजिन घेऊच नका. फळी, दोन-तीन लवचीक रूळ, दोन सांधे आणि काही मालडबे एवढ्यावर वर्षभराचे काम होते. सांधेही महाग वाटले, तर एक सरळ आणि एक वळता मार्ग पुरे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यात भर घालावी. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. सहलीला तिथे मुलांना अवश्य न्या. पण त्यांना दिव्यांच्या झगमगाटाबरोबर रूळ कसे अंथरले आहेत तेही पाहायला सांगा.

आपल्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी थर्माकोलचे पूल आणि रंगवलेली धरणे येतात. ती सुंदर असतात, पण ती चुकू शकत नाहीत, कारण त्यांना काही करूनच दाखवायचे नसते. मार्गाचे तसे नाही. अर्धा मिलिमीटर चुकला की डबा घसरतो, आणि परीक्षकाला, शिक्षकाला किंवा आईवडिलांना विचारावे लागत नाही. आपले काम बरोबर आहे की नाही, हे ज्या मुलाला कामच सांगते, तो मुलगा दुसऱ्याच्या शाबासकीवाचून शिकू लागतो. हे शिक्षण एका फळीवर मिळत असेल, तर ती फळी प्रत्येक शाळेत असावी.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, दुकानात गेलात की काचेआडच्या चकचकीत इंजिनाला डोळे भरून पाहा आणि तिथेच राहू द्या. येताना दोन रूळ घेऊन या.